शेणावरची तोफ आणि कुंडीतली छत्री

पाऊस लागला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत कुत्र्याच्या छत्र्या उगवतात आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी त्या बुटाच्या टोकाने उडवतात. उडवोत बापडी. छत्री हे नुसतं फळ. खरी बुरशी खाली मातीत तंतूंच्या रूपाने पसरलेली असते. तिला पाय नाहीत आणि जमिनीलगतची हवा फारशी हलत नाही, म्हणून छत्रीला दांडा. तिच्या पोटाशी असलेल्या पापुद्र्यांवरचा प्रत्येक बीजाणू बुडाशी पाण्याचा थेंब जमवतो, थेंब अंगावर पसरला की त्या हिसक्याने सुटतो आणि खाली येऊन वाऱ्याला लागतो. विनिपेगच्या बुलर नावाच्या प्राध्यापकाने उभी हयात असल्या मोजमापांत घालवली. एका थोराड, चेंडूसारख्या बुरशीत त्याला सुमारे ७ लाख कोटी बीजाणूंचा हिशेब लागला!

वाऱ्यावरचे बीजाणू आपण रोज श्वासातून घेतो आणि शरीर त्यांचा निकाल लावतं. २०२१मध्ये करोनानंतर, बेताल मधुमेह आणि स्टेरॉइड यांमुळे अनेकांना ते जमलं नाही आणि काळ्या बुरशीने वॉर्ड भरले. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे.

माझा जीव जडलाय तो पायलोबोलस या शेणावर उगवणाऱ्या बुरशीवर. गिरगावातून भुलेश्वरकडे वळलं की १८३४ सालची पांजरापोळ लागते आणि देवळांपाशी गाय बांधून चारा विकणाऱ्या बायका भेटतात. तिथलं ताजं शेण बरणीत आणायचं (घरच्यांनी यावर बोलणं सोडलं आहे), झाकण सैल लावून खिडकीत ठेवायचं. आधी पांढरी लव येते. मग काही दिवसांत काचेसारखे पारदर्शक दांडे उभे राहतात. टोकाला पाण्याने फुगलेली पिशवी, तिच्यावर काळी टोपी. सगळ्यांच्या माना खिडकीकडे! पिशवी भिंगाचं काम करते, त्यामुळे उजेड कुठून येतो हे दांड्याला कळतं. आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पाचपट झाला की ती फुटते आणि टोपी सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने सुटते, दोन मीटरपर्यंत जाते. बरणीच्या उजेडाकडच्या काचेवर नंतर काळे ठिपके चिकटलेले दिसतात.

एवढा खटाटोप का? गुरं शेणाभोवतालचं गवत तोंडाला लावत नाहीत. टोपी त्यापलीकडच्या पात्यावर पडली, तरच ती पोटात जाणार. बीजाणू आतड्यांतून सुखरूप निघतात आणि नव्या शेणात रुजतात. गुरांच्या फुप्फुसांतल्या एका जंताच्या अळ्या तर याच दांड्यांवर चढून टोपीबरोबर फुकट प्रवास करतात. कुरणात ही तोफ कामाची; भुलेश्वरला चारा बाहेरून येतो आणि शेण दांडे उगवायच्या आत उचललं जातं. शहर तिला मानवत नाही.

शहर मानवतं ते पिवळ्या छत्रीला. गिरगावच्या चाळीतल्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीत पावसाळ्यात एका सकाळी लिंबाच्या रंगाची नाजूक छत्री उभी असते आणि दुपारपर्यंत मान टाकते. तिचं नाव ल्युकोकोप्रायनस बर्नबाउमी. ही उष्ण प्रदेशातली, पण शास्त्रात तिची पहिली नोंद झाली १७८८मध्ये, इंग्लंडात हॅलिफॅक्सजवळच्या एका उबदार काचघरातल्या बुरशीवरून! आताचं नावही प्रागच्या एका बागकाम-अधिकाऱ्याचं. परदेशी झाडांच्या मुळांशी असलेल्या मातीतून ती त्या काचघरापर्यंत पोचली असणार, यात मला तरी शंका नाही. बीजाणू उडवायला तिच्याकडेही थेंबाची युक्ती आहेच. पण मला विचाराल तर मुंबईत तिचं खरं वाहन म्हणजे नर्सरीवाल्याची मातीची गोणी. दादरला घेतलेलं गुलाबाचं रोप लालबागच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर जातं, तेव्हा लिफ्टमधून तीही वर जाऊ शकते.

झाडाला तिचा त्रास नाही. ती खाऊ मात्र नये, पोट बिघडतं. उपटून फायदा नाही, तंतू मातीत राहतात. आणि नणंदेला रोप दिलंत, तर मातीबरोबर तीही सासर बदलते.