मोक्षपट: आखून पाहिलेला खेळ

मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. आळंदीशी परंपरेने त्याचे नाते जोडले आहे. तो ज्ञानेश्वरांनी रचला असे मानतात. हाती असलेले पट मात्र त्यांच्या समाधीनंतर (१२९६) काही शतकांनी केलेले आहेत. व्हिडिओ गेमची रचना शिकणाऱ्याने सुरुवात या पटापासून करावी, इतका तो मोलाचा आहे.

तो नुसता पाहून कळत नाही, आखून खेळावा लागतो. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरे असतात, जैन पटांत ८४. घरांना गुणदोषांची नावे असतात: भक्तीच्या घरातून शिडी वर नेते, अहंकाराच्या घरात साप गिळतो. आखताना पहिला प्रश्न येतो तो दानाचा. फाशावर एक ते सहा ही दाने सारख्याच शक्यतेने पडतात. सहा कवड्या टाकल्या आणि प्रत्येक कवडी उताणी वा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, आणि उताण्या कवड्या मोजून दान ठरवले, तर ६४ प्रकारांपैकी २० प्रकारांत तीनचे दान पडते, सहाचे फक्त एकात. म्हणजे शिडी जिथे पोचवते तिथून तिसऱ्या घरात साप काढला, तर पुढच्याच दानाला तो डसण्याची शक्यता कवड्यांनी खेळताना जवळजवळ दुप्पट होते. चित्र तेच राहते, पण खेळ जास्त निष्ठुर होतो.

नियमही युक्तिवाद करतात, हे खेळांचे अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’ या पुस्तकात मांडले. त्या नजरेने पाहिले तर मोक्षपटातला ताण दिसतो. पट सदाचरण सांगतो, पण खेळणाऱ्याला निवड कुठेच नसते. भक्तीच्या घरात पोचवते ते दान. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ छापला गेला. पुढे घरांची नावेही गळाली आणि उरली ती निव्वळ शर्यत.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा व्हिडिओ गेम याच कसोटीवर तपासता येतो. देवदेवतांच्या कथा त्यात भिंतीवरच्या चित्रांतून कळतात, नियम मात्र लढाईचे आहेत. भक्ती नसली तरी त्रिशूळ चपळाईने चालवता येतो. लढाई थांबते तिथे मंडलाची कोडी येतात. वर्तुळाचे भाग फिरवून चित्र जुळवले की नायिका राजीची हरवलेल्या भावासोबतची आठवण पुरी होते. इथे खेळणाऱ्याचा हात आणि कथा एकच काम करतात, आणि या खेळातली सर्वांत सकस रचना हीच आहे.