सतरापैकी सतरा: मायामी डॉल्फिन्सच्या १९७२च्या हंगामाबद्दल काय खरं, काय नाही

अमेरिकन फुटबॉलमध्ये एनएफएल ही सर्वांत मोठी व्यावसायिक लीग. ती १९२० साली सुरू झाली. तेव्हापासून आजवर तिच्या स्पर्धेत साखळीतला प्रत्येक सामना, मग बाद फेरीतला प्रत्येक सामना आणि शेवटी विजेतेपदाचा सामना असं सगळं जिंकणारा संघ एकच झाला: १९७२चा मायामी डॉल्फिन्स. साखळीत १४, त्यापुढे ३, एकूण १७ विजय. पराभव नाही, बरोबरीही नाही.

एवढं मोठं यश असूनही त्याबद्दल ऐकू येतात त्या त्याच चार-पाच गोष्टी. सामने कमी होते, प्रतिस्पर्धी दुबळे होते, बचाव फळीत कुणी नावाजलेलं नव्हतं, आणि हे म्हातारे आता दरवर्षी इतरांच्या पराभवावर शॅम्पेन फोडतात. यातल्या काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, काही साफ चुकीच्या. त्यांच्या गर्दीत या हंगामातला खरा महत्त्वाचा माणूस मात्र हरवून जातो, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

“तेव्हा सामने कमी होते, म्हणून जमलं”

आज साखळीत १७ सामने असतात, तेव्हा १४ होते. फरक आहेच. पण सामने कमी असले की अपराजित राहणं सोपं होतं, हे इतिहासात दिसत नाही. शिकागो बेअर्सने १९३४ साली साखळीतले १३ पैकी १३ सामने जिंकले आणि विजेतेपदाच्या लढतीत न्यूयॉर्क जायंट्सकडून ३०-१३ असा मार खाल्ला. १९४२ साली याच बेअर्सने ११ पैकी ११ जिंकले आणि अखेरच्या सामन्यात वॉशिंग्टनकडून ते १४-६ असे हरले. त्याआधी १९२०च्या दशकात कॅन्टन बुलडॉग्जसारखे काही संघ एकही सामना न हरता विजेते ठरले होते, पण त्यांच्या खात्यात बरोबरीचे सामने होते.

नंतरच्या काळातलं उदाहरण २००७च्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सचं. साखळीत १६ विजय, बाद फेरीत आणखी दोन, आणि सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यात, जायंट्सकडून १७-१४ असा पराभव. अवघड असतो तो शेवटचा सामना. तिथवर पोचलेले तिन्ही संघ तिथेच अडखळले.

“प्रतिस्पर्धी दुबळे होते”

हा आक्षेप बिनबुडाचा नाही, आणि डॉल्फिन्सच्या चाहत्यांनी तो झटकून टाकू नये. साखळीत त्यांच्या वाट्याला आलेल्या संघांपैकी फक्त दोघांचे विजय पराभवांपेक्षा जास्त होते: कॅन्सस सिटी चीफ्स आणि न्यूयॉर्क जायंट्स. दोघांचीही कामगिरी ८ विजय, ६ पराभव. ह्यूस्टनने तर त्या वर्षी १४ पैकी एकच सामना जिंकला होता.

पण वेळापत्रक संघ ठरवत नाही, लीग ठरवते. आपल्या गटातल्या चार संघांशी प्रत्येकी दोनदा खेळायचंच होतं, आणि त्यातला बाल्टिमोर कोल्ट्स दोनच हंगामांपूर्वीचा विजेता होता. कोल्ट्स त्या वर्षी घसरणार, हे आधी कुणाला ठाऊक होतं? पहिलाच सामना कॅन्ससच्या नव्याकोऱ्या ॲरोहेड मैदानावर होता, तोही अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी दोन जादा डावांपर्यंत लांबलेल्या सामन्यात ज्यांना हरवलं होतं त्या चीफ्सविरुद्ध. डॉल्फिन्सने तो २०-१० असा जिंकला.

आणि दुबळ्यांशी खेळतानाही कसं खेळावं, याचा हिशेब असतो. त्या हंगामात डॉल्फिन्सने लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले, ३८५. आणि सर्वांत कमी गुण दिले, १७१. तीन सामन्यांत समोरच्या संघाला खातंही उघडता आलं नाही. न्यू इंग्लंडविरुद्धचा सामना ५२-० असा सुटला.

बाद फेरीत आणखी एक गोष्ट त्यांच्या विरोधात होती आणि ती फारशी कुणी सांगत नाही. आज जास्त विजय मिळवणाऱ्या संघाला बाद फेरीचा सामना घरच्या मैदानावर मिळतो. त्या काळी यजमानपद आळीपाळीने ठरायचं. त्यामुळे १५ सामने अपराजित राहिलेल्या डॉल्फिन्सना उपांत्य लढतीसाठी ११ विजयांच्या पिट्सबर्ग स्टीलर्सच्या घरी जावं लागलं.

“बॉब ग्रीसीने हा हंगाम जिंकून दिला”

इथे जरा थांबायला हवं. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. त्यामुळे संघ जिंकला की श्रेय त्याला जातं, आणि डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक म्हणून नाव घेतलं जातं ते बॉब ग्रीसीचं.

ग्रीसी उत्तम खेळाडू होता, यात वाद नाही. पण पाचव्याच सामन्यात, १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, सॅन दिएगो चार्जर्सविरुद्ध खेळताना त्याचा पाय मोडला आणि घोटा निखळला. त्याच्या जागी मैदानात उतरला अर्ल मॉरल. वय ३८. लीगमधला सतरावा हंगाम, सहावा संघ. त्याच वर्षी कोल्ट्सने त्याला सोडून दिलं होतं आणि प्रशिक्षक डॉन शुला यांनी १०० डॉलर भरून त्याला घेतलं होतं. हा व्यवहार कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

शुला आणि मॉरल यांचं नातं जुनं आणि अवघड होतं. १९६८ साली शुला कोल्ट्सचे प्रशिक्षक होते. तिथला महान क्वार्टरबॅक जॉनी युनायटस दुखापतीने बाहेर बसला, मॉरल आला, कोल्ट्सने साखळीत १३ सामने जिंकले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॉरलची निवड झाली. मग आला तिसरा सुपर बोल. समोर न्यूयॉर्क जेट्स होते आणि त्यांना कुणी किंमत देत नव्हतं. मॉरलचे तीन पास पूर्वार्धातच प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, उत्तरार्धात शुलांनी त्याला बाहेर बसवलं आणि कोल्ट्स १६-७ असे हरले. दोघांच्याही नावाला तो पराभव चिकटला. पुढे शुला मायामीला आले, आणि मागच्याच हंगामात, सहाव्या सुपर बोलमध्ये, डॅलसकडून २४-३ असे हरले. म्हणजे शुलांना तोवर सुपर बोल जिंकताच आला नव्हता.

अशा माणसाने त्याच जुन्या खेळाडूवर पुन्हा भिस्त ठेवली. मॉरलची पहिली सुरुवात बफेलोविरुद्ध होती आणि ती कशीबशी निभावली, २४-२३. त्यानंतर मात्र साखळीतले उरलेले आठही सामने डॉल्फिन्सने मॉरलच्या हाती सूत्रं ठेवून जिंकले. बाद फेरीत क्लीव्हलँडने चौथ्या सत्रात १४-१३ अशी आघाडी घेतली, तेव्हा चेंडू पुढे नेऊन २०-१४ असा सामना फिरवणारा क्वार्टरबॅकही मॉरलच. सतरापैकी अकरा सामन्यांत सुरुवात त्याने केली. पुनरागमन करणारा सर्वोत्तम खेळाडू हा त्या वर्षीचा पुरस्कार त्याला मिळाला.

मग आली पिट्सबर्गची लढत. मध्यंतराला ७-७ अशी बरोबरी. आक्रमण अडलेलं. शुलांनी मॉरलला बसवून बऱ्या झालेल्या ग्रीसीला उतरवलं. ग्रीसीने पॉल वॉरफिल्डकडे ५२ यार्डांचा पास टाकला, सामना फिरला, २१-१७. सुपर बोलमध्येही सुरुवात ग्रीसीनेच केली.

म्हणजे एकाच प्रशिक्षकाने एकाच क्वार्टरबॅकला दोन मोठ्या सामन्यांत अर्ध्यावर बाहेर काढलं. मॉरलने त्यावरून तक्रार केली नाही, आणि संघात दोन तट पडले नाहीत. हा हंगाम टिकला तो इथे, असं मला वाटतं. जखमी ताऱ्याची जागा घेणं आणि तो परतल्यावर ती पुन्हा सोडणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. विक्रमाच्या एका ओळीत ग्रीसीचं नाव लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

शिवाय हा संघ पासवर चालतच नव्हता. चेंडू हातात घेऊन धावणं हे त्यांचं मुख्य हत्यार. लॅरी झोंका समोरच्याला अंगावर घेत सरळ घुसायचा, मर्क्युरी मॉरिस कडेने निसटायचा. एका हंगामात एकाच संघाच्या दोन धावपटूंनी प्रत्येकी १००० यार्ड पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ. मॉरिसचा आकडा आधी ९९१ भरला होता. बफेलोच्या सामन्यात त्याच्या खात्यात चुकून लावलेले उणे नऊ यार्ड तपासणीनंतर वगळले गेले आणि नेमके १००० झाले. या दोघांना वाट काढून देणाऱ्यांत लॅरी लिटल, जिम लँगर आणि बॉब कूचेनबर्ग होते. लिटल आणि लँगर यांना महाविद्यालयातून लीगच्या निवड प्रक्रियेत कुणी उचललंच नव्हतं. पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेले.

“बचाव फळीत कुणी नाव घेण्याजोगं नव्हतं”

‘नो-नेम डिफेन्स’ हे नाव डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांच्या बोलण्यातून आलं. १९७२च्या सुरुवातीच्या सुपर बोलआधी त्यांना मायामीच्या बचावपटूंची नावं आठवेनात. नाव चिकटलं आणि खेळाडूंनीही ते आवडीने मिरवलं. पण ते गुणवत्तेचं वर्णन नव्हतं. मधल्या फळीतला निक बुओनिकाँटी हॉल ऑफ फेममध्ये आहे. डिक अँडरसन १९७३ साली लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. सातव्या सुपर बोलचा मानकरी जेक स्कॉट, तोही बचावपटूच.

या फळीमागचं डोकं होतं बिल आर्न्सपार्गर यांचं. पुढच्या रांगेतला एक धिप्पाड खेळाडू कमी करून बॉब मॅथेसनला आत आणायचं ही त्यांची युक्ती. मॅथेसन कधी पुढे धावून यायचा, कधी मागे सरून पास अडवायचा. समोरच्या क्वार्टरबॅकला शेवटच्या क्षणापर्यंत अंदाज येत नसे. मॅथेसनच्या जर्सीवर ५३ आकडा होता, म्हणून त्या रचनेलाच ‘५३’ म्हणत.

“सुपर बोल अटीतटीचा झाला”

१४ जानेवारी १९७३, लॉस एंजेलिसचं कोलिसियम मैदान, मायामी १४, वॉशिंग्टन ७. आकडा बघून तसं वाटतं. प्रत्यक्षात वॉशिंग्टनच्या आक्रमणाला एकही गुण मिळाला नाही. स्कॉटने त्यांचे दोन पास पकडले, त्यातला एक तर गोलरेषेपलीकडे.

त्यांचे सातही गुण आले ते एका विचित्र प्रसंगातून. सामना संपायला दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ असताना मायामीचा गॅरो येप्रेमियन फील्ड गोलसाठी, म्हणजे किक मारून तीन गुण मिळवायला आला. सायप्रसमध्ये जन्मलेला, सॉकर खेळत वाढलेला हा किकर. त्याची किक अडवली गेली, चेंडू उसळून त्याच्याच बाजूला आला, त्याने तो उचलून फेकण्याचा प्रयत्न केला, चेंडू निसटला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने तो घेऊन ४९ यार्ड धाव मारली. ती किक बसली असती तर १७ विजयांच्या हंगामाचा शेवटचा निकाल १७-० असा लागला असता.

सट्टेबाजांच्या हिशेबात मायामी खालच्या पारड्यात होती, हेही आज विसरलं जातं. १६ सामने अपराजित राहूनही.

“हे म्हातारे दरवर्षी शॅम्पेन फोडतात”

हंगामातला शेवटचा अपराजित संघ हरला की १९७२चे सगळे खेळाडू एकत्र जमून जल्लोष करतात, ही कथा अमेरिकेत घरोघरी ठाऊक आहे. असा ठरलेला मेळावा कधी नव्हता. मायामीत एकमेकांजवळ राहणाऱ्या दोघा-तिघांनी कधीमधी पेला उंचावला, त्याचं एवढं झालं. शुला यांनी स्वतः ही गोष्ट वेळोवेळी नाकारली.

या चित्राने एक मोठं सत्य झाकून ठेवलं, म्हणून त्याची चीड येते. मॉरल २०१४ साली गेला, बुओनिकाँटी २०१९ साली. दोघांच्याही मेंदूत सीटीई हा वारंवार डोक्याला बसलेल्या धक्क्यांतून होणारा आजार आढळला. त्याचं पक्कं निदान मृत्यूनंतरच करता येतं. बुओनिकाँटीने जिवंतपणीच आपला मेंदू संशोधनासाठी देण्याचं जाहीर केलं होतं. इतरांच्या पराभवावर खूश होणारे सुखी म्हातारे ही प्रतिमा या माणसांवर अन्याय करणारी आहे.

“हा डॉल्फिन्सचा सर्वांत भारी संघ”

अपराजित म्हणजे सर्वोत्तम, असं सहज धरलं जातं. पुढच्या वर्षीचे आकडे वेगळं सांगतात. १९७३च्या दुसऱ्याच सामन्यात ओकलंड रेडर्सने मायामीला १२-७ असं हरवलं आणि सलग १८ विजयांची मालिका तुटली. त्या हंगामात आणखी एक पराभव झाला. तरी या संघाने साखळीत फक्त १५० गुण दिले, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षाही कमी. बाद फेरीतले फरक तर बोलके आहेत. १९७२ साली मायामी ६, ४ आणि ७ गुणांनी जिंकली होती. १९७३ साली १८, १७ आणि १७ गुणांनी. आठव्या सुपर बोलमध्ये मिनेसोटाविरुद्ध झोंका १४५ यार्ड धावला आणि ग्रीसीला सगळ्या सामन्यात सातच पास टाकावे लागले.

मला विचाराल तर दोन्ही संघांत वरचढ १९७३चाच. दोन हंगाम मिळून ३४ सामन्यांत ३२ विजय. तिसऱ्यांदा विजेतेपद जमलं नाही. मार्च १९७४ मध्ये झोंका, वॉरफिल्ड आणि जिम किक या तिघांनी नव्याने निघालेल्या वर्ल्ड फुटबॉल लीगशी करार केला आणि १९७५ साली ते मेम्फिसकडून खेळायला गेले.