ताप उतरल्यानंतरचा ताप

'ताप उतरला होता. चार दिवसांनी पुन्हा चढला आणि धाप लागली,' असे बारामती व इंदापूर तालुक्यांतील रुग्णांचे नातेवाईक दाखल करतेवेळी अनेकदा सांगतात. हा दुसरा ताप अधिक धोक्याचा का, हे आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर मांडणे आम्हास अगत्याचे वाटते.

फ्ल्यू विषाणूमुळे होतो. न्यूमोकॉकस हा जिवाणू मात्र अनेक निरोगी मुलांच्या नाका-घशात निरुपद्रवीपणे वास करतो. अमेरिकेतील मेम्फिस येथील संशोधकांनी 2002 साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आधी फ्ल्यूची बाधा व सात दिवसांनी न्यूमोकॉकस, असा क्रम ठेवला असता सर्व उंदीर दगावले. क्रम उलटा केला असता जगण्याचे प्रमाण सुधारले. हिशेबाच्या वहीत रकमांचा क्रम बदलला तरी बेरीज तीच येते. येथे मात्र क्रमावरच जीव अवलंबून होता.

याची कारणेही उंदरांतच उलगडली. विषाणू श्वासमार्गाच्या अस्तराला इजा करतो. त्याचे न्यूरामिनिडेज हे विकर पेशींवरील शर्करायुक्त आवरणाचे घटक तोडते व जिवाणूला चिकटावयास जागा मिळते. शिवाय विषाणूशी लढताना शरीरात तयार होणारे इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य फुप्फुसातील जिवाणूभक्षक पेशींना मंदावते, असे 2008 साली दिसून आले. म्हणजे एका शत्रूशी झुंजताना दुसऱ्यासाठी दार उघडे राहते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तथापि 1918 च्या साथीतील मृतांच्या जतन केलेल्या फुप्फुसांची 2008 साली पुन्हा तपासणी झाली, तेव्हा बहुतेकांत जिवाणूजन्य न्यूमोनियाच्या खुणा आढळल्या. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्ल्यूचा देशातील पहिला बळी आपल्याच जिल्ह्यात, पुणे शहरात गेला, हेही विसरता येत नाही.

प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. म्हणून प्रत्येक तापात ती मागू नयेत. परंतु उतरलेला ताप परतला, श्वास जलद झाला किंवा छातीत दुखू लागले, तर घरी थांबू नये. बालकांना सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात न्यूमोकॉकसची लस शासकीय केंद्रात विनामूल्य मिळते. ती चुकवू नये. ज्येष्ठांनी व दमेकऱ्यांनी फ्ल्यूच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उसाच्या फडावरून आलेल्या मजुराच्या बाळाला वेळेवर प्राणवायू मिळतो, तो आपल्या दानामुळे. ते बाळ वेळेवर आमच्या दारी पोहोचावे, यासाठी हा लेखनप्रपंच.