जोयड्याच्या पावसात पोकळ गिटार

भाच्याला पहिल्या पगारांतून साठवलेल्या पैशांत होलो-बॉडी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे, तीही रीइश्यू. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचं मॉडेल, पण आजच्या कारखान्यात पुन्हा बनवलेलं. माझी ताई म्हणाली, "एवढे पैसे मोजायचे, आणि आतून पोकळच?" ताईने गमतीत विचारलं, पण सगळी निवड त्या पोकळीभोवतीच फिरते.

आम्ही रामनगरचे. जोयडा तालुक्यातला पाऊस वाद्यांना कसा छळतो हे इथल्या भजनी मंडळांना विचारा. तबल्याची पुडी ओल धरते, पेटीचे सूर दबतात. म्हणून मी भाच्याला आधी रंग नाही, लाकूड बघायला सांगितलं.

पूर्वीच्या महागड्या आर्चटॉप गिटारींचा वरचा भाग अखंड स्प्रूसचा कोरलेला असे. आवाज सुंदर, पण हवेतली ओल वाढली की अखंड लाकूड फुगतं, सुकली की आकसतं. १९४९ च्या गिब्सन ईएस-१७५ ला मात्र मेपलचे पातळ थर चिकटवून बनवलेला वरचा भाग होता. थरांचे रेषे एकमेकांना आडवे, त्यामुळे लाकूड कमी हलतं. दुकानात 'प्लायवूड' म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. आपल्या जुलैत तेच टिकेल.

भाच्याच्या मनात एपिफोन कसिनो होती. हे मॉडेल १९६१ चं, थरांच्या मेपलचं आणि पूर्ण पोकळ. बीटल्सपैकी तिघांकडे ती होती. जानेवारी १९६९ च्या लंडनमधल्या गच्चीवरच्या कार्यक्रमात लेननच्या हातात हीच होती. दुसरा पर्याय होता गिब्सन ईएस-३३५ च्या धर्तीवरचा. १९५८ च्या या मॉडेलच्या पोटात मधोमध लाकडी ठोकळा असतो.

"मामा, फोटोत तर दोन्ही सारख्याच दिसतात!"

दिसतातच. व्हायोलिनसारखी जी भोकं असतात, त्यांतून टॉर्च मारून बघ, म्हटलं. ठोकळ्याचा फायदा मोठ्या आवाजात कळतो. पूर्ण पोकळ गिटार स्पीकरच्या आवाजानेच थरथरते, तो थरथराट पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि कर्कश शिट्टी सुरू होते. गणपतीच्या मंडपात, मोठ्या स्पीकरांसमोर वाजवायचं असेल तर ३३५ घ्यावी. भाचा बेळगावात खोलीवर आणि मित्रांच्या छोट्या बैठकीत वाजवतो. त्याला कसिनो, हे माझं मत. तिचे पी-९० पिकअप विजेची गुणगुण पकडतात, तेव्हा घरचं अर्थिंग आधी तपासून घ्यायचं.

फिंगरबोर्डाचं लाकूडही विचारा. आपल्या पश्चिम घाटातलं शिसम जगभरच्या गिटारींवर असतं. २०१७ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. मधल्या काळातल्या अनेक गिटारींवर त्यामुळे दुसरं लाकूड दिसतं. ते वाईट नसतं, पण दुकानदार शिसम म्हणून विकत असेल तर विचारायला हवं.

सुट्टीत गिटार रामनगरला येईल तेव्हा ती भिंतीवर टांगायची नाही. कडक पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून. काटा पन्नाशीच्या आसपास राहिला तर उत्तम. आणि तारा बदलताना एकेकच. कसिनोचा ब्रिज चिकटवलेला नसतो, वरच्या भागात बसवलेल्या दोन खुंट्यांवर टेकलेला असतो; सगळ्या एकदम काढल्या की तो निसटू शकतो.