शिजवलेल्या भाजीतील सत्त्व: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाजी विस्तवावर ठेवली की तिच्यातील सारे सत्त्व निघून जाते, म्हणून ती शक्यतो कच्चीच खावी, हा समज एका जीवनसत्त्वाच्या स्वभावावरून सगळ्या भाजीचा निवाडा करतो. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने घटते, हे खरे आहे. पालेभाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर त्याचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक अंश वाया जाऊ शकतो. परंतु या हानीचा मोठा वाटा आचेचा नसून फेकलेल्या पाण्याचा असतो, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

नागपूरच्या लग्नाच्या पंगतीतील डाळभाजी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पालक, तुरीची व चण्याची डाळ आणि शेंगदाणे एकत्र शिजतात आणि वरून लसणाची फोडणी पडते. पालकातून पाण्यात उतरलेले फोलेट, म्हणजे रक्तपेशींच्या निर्मितीस लागणारे ब गटातील जीवनसत्त्व, उष्णतेने काहीसे घटले तरी उरलेले त्याच पातळ भाजीतून पोटात जाते. शिजल्याने पानांच्या पेशींच्या भिंती सैल होतात, त्यामुळे शरीरात ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते ते बीटा-कॅरोटीन मोकळे होते आणि ते स्निग्ध पदार्थातच विरघळणारे असल्याने फोडणीच्या तेलामुळे अधिक शोषले जाते. गाजराचेही तसेच आहे. कोरडे कच्चे गाजर चावून खाण्यापेक्षा थोड्या तेलातुपात शिजवलेल्या गाजरातून हे द्रव्य अधिक मिळते. पानात लिंबू पिळले, तर शिजताना घटलेले क जीवनसत्त्व काही प्रमाणात भरून निघते, शिवाय पालकातील आणि डाळीतील लोह शोषले जाण्यास मदत होते.

टोमॅटोसंबंधी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेले मोजमाप बोलके आहे: 88 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवल्यावर क जीवनसत्त्व सुमारे 29 टक्क्यांनी घटले, मात्र लायकोपीन हे लाल रंगाचे उपयुक्त द्रव्य दुपटीहून अधिक प्रमाणात उपलब्ध झाले. जर्मनीत दीर्घकाळ जवळजवळ केवळ कच्चे अन्न खाणाऱ्यांच्या 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या रक्तातील बीटा-कॅरोटीन चांगले, पण लायकोपीन कमी आढळले. हिवाळ्यात संत्री मिळणाऱ्या नागपुरात तर केवळ क जीवनसत्त्वासाठी भाजी कच्ची ठेवण्याचे कारण फारसे उरत नाही.

कच्च्या भाजीतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, पचनाला हातभार लावतात, हा दावाही टिकत नाही, कारण बहुतेक विकरे जठरातील आम्लात इतर प्रथिनांप्रमाणेच मोडली जातात. अपवाद आहे तो कोबीच्या कुळाचा: कोबी चिरताना त्यातील एक विकर सल्फोराफेन हे उपयुक्त समजले जाणारे द्रव्य तयार करते आणि शिजवल्यावर ते विकर निकामी होते, त्यामुळे कोबीची कच्ची कोशिंबीर किंवा चिरून काही वेळ ठेवून मग हलकीच वाफवलेली भाजी खरोखर फायद्याची ठरते. तसेच भाजलेल्या वांग्याच्या भरितात कांद्याची पात आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, शेवटी कच्चेच घालण्याची वऱ्हाडी-नागपुरी रीत दोन्ही बाजूंचा लाभ एकाच घासात देते.

पाणी फेकणे नेहमी चुकीचेच, असेही नाही. पालक आणि घोळ यांत ऑक्झॅलेट पुष्कळ असते. ते कॅल्शियमला बांधून त्याचे शोषण रोखते आणि मुतखड्यास कारण ठरू शकते. पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात, शरीरातील पाणी कमी होऊन खड्याचा धोका वाढत असताना, ज्यांना असा त्रास झालेला आहे त्यांनी पालक आधी वेगळा उकळून त्याचे पाणी टाकणे हितकारक असते. इथे क जीवनसत्त्वाचा तोटा पत्करण्यासारखा आहे. याउलट कच्ची पालेभाजी खायची असेल, तर पान-पान वाहत्या पाण्याखाली धुणे टाळता येत नाही, कारण मैल्याच्या संसर्गातून पानांवर आलेली डुकरातील फीतकृमीची अंडी पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करून अपस्माराचे झटके आणू शकतात. नीट शिजवलेल्या भाजीत ती अंडी जिवंत राहत नाहीत.