आधी सांगाडा

कस्टम पिस्तूल बांधणाऱ्या अमेरिकी कारागिराच्या टेबलावर नवं १९११ पिस्तूल आलं, की त्याचे बहुतेक भाग निघून डब्यात जातात. नळी जाते, नळीच्या तोंडाशी बसणारं बुशिंग जातं, ट्रिगर, हॅमर, सिअर, सेफ्टी, साइट्स, स्प्रिंगा, मुठीच्या लाकडी पट्ट्या, सगळं जातं. टेबलावर उरतात फक्त दोन तुकडे: खालची फ्रेम आणि वरची स्लाइड. ज्याला आपण पिस्तूल निवडणं म्हणतो ती खरं तर या दोन तुकड्यांची निवड असते. बाकीचं सगळं विकत मिळतं, बदलता येतं आणि बिघडलं तर पुन्हा करता येतं.

अमेरिकी संघीय कायदाही याच बाजूने विचार करतो. क्रमांक फ्रेमवर कोरलेला असतो आणि कायद्याच्या लेखी ती फ्रेमच पिस्तूल असते. नळी किंवा स्लाइड हे नुसते सुटे भाग. भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार सुटे भागही अग्निशस्त्रातच मोडतात आणि बांधणीला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे घरामागच्या शेडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही कारागिरी तिकडचीच.

या कारागिरीचा मूळ धागा जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्यापर्यंत जातो. यूटामधल्या ऑग्डेन गावी १८५५ साली बंदूककाराच्या घरात जन्मलेल्या या माणसाने कोल्ट कंपनीसाठी जे पिस्तूल आखलं, ते अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं. त्यामागे फिलिपिन्समधल्या लढाईचा अनुभव होता. तिथे .३८ व्यासाची रिव्हॉल्व्हर अपुरी पडली. १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या आणि सैन्याच्या पिस्तुलाचा व्यास .४५ पेक्षा कमी नसावा असं सांगितलं. शेवटच्या चाचणीत ब्राउनिंगच्या पिस्तुलातून ६००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडलं नाही, अशी नोंद आहे.

पाच इंची नळी, सात गोळ्यांचं मॅगझिन, सुमारे १.१ किलो वजन. चिखलात पडलं तरी चालावं आणि एकाचा भाग दुसऱ्यात बसावा, ही सैन्याची मागणी होती. म्हणून भागाभागांत मोकळीक ठेवलेली होती. दुसऱ्या महायुद्धात तर टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने आणि रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने ही पिस्तुलं बनवली. शिवणयंत्रांच्या सिंगरने ५०० नग केले. इतक्या निरनिराळ्या कारखान्यांतले भाग एकमेकांत बसायचे तर मोकळीक हवीच. युद्धानंतर सैन्याने नवी पिस्तुलं मागवली नाहीत. शस्त्रागारांत जुनीच खोलायची, झिजलेले भाग बदलायचे आणि पुन्हा जोडायची, असं १९८५ साली बेरेटा येईपर्यंत चाललं. अशी पिस्तुलं हातात घेऊन हलवली की खुळखुळतात.

त्या खुळखुळ्यातून नेमबाजीचं हत्यार काढण्याची गरज ओहायोमधल्या कॅम्प पेरीच्या मैदानावर निर्माण झाली. तिथल्या बुल्सआय स्पर्धेत एका हाताने, ५० यार्डांवरून नेम धरावा लागतो. त्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ३.३६ इंचांचं आणि आतलं एक्सचं वर्तुळ १.६९५ इंचांचं. सैन्याचं साधं पिस्तूल एवढ्या अंतरावर दहाच्या वर्तुळातही गोळ्या राखू शकत नाही, मग नेमबाज कितीही तयारीचा असो. १९५८ चे राष्ट्रीय पिस्तूल विजेते, लुइझियानाचे जिम क्लार्क यांनी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये हा प्रश्न सोडवायला घेतला आणि त्यांच्यासारख्या नेमबाज-कारागिरांमुळे या विद्येला शिस्त आली.

(आपल्याकडच्या नेमबाजांची वाट वेगळी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्यात .२२ ची, कारखान्यातूनच स्पर्धेसाठी तयार झालेली पिस्तुलं चालतात. तिथे हाताच्या मापाने घडवली जाते ती मूठ.)

१९११ निवडताना नवखा माणूस हमखास चुकतो. तो दुकानात पिस्तूल हलवून बघतो आणि स्लाइड फ्रेमवर खुळखुळली की नाक मुरडतो. पण साइट्स स्लाइडवर असतात, फ्रेमवर नव्हे. गोळी सुटते तेव्हा नळी वरच्या दात्यांनी स्लाइडमध्ये अडकलेली असते. मग एका छोट्या दुव्याच्या आधाराने तिचा मागचा भाग खाली उतरतो, स्लाइड मागे जाते आणि परत येताना नळी पुन्हा वर चढून अडकते. नळी दर वेळी स्लाइडमध्ये नेमक्या त्याच जागी परत आली, तर गोळ्या एकत्र पडतात. अचूकतेचा मोठा वाटा नळी आणि स्लाइडच्या या नात्यात आहे, फ्रेमच्या खुळखुळीत नाही. शिवाय खुळखुळ घालवता येते. जुने कारागीर फ्रेमच्या कडा हातोडीने ठोकून थोड्या पसरवत, स्लाइड व्हाइसमध्ये दाबून घेत, मग घासणारा लेप लावून दोन्ही एकमेकांवर सरकवत राहत. मापापेक्षा किंचित मोठी ठेवलेली कार्ट किंवा बार-स्टो कंपनीची नळी कानशीने उतरवत नेमकी बसवली, की निम्मं काम झालं.

मग कशाला जपायचं? मी म्हणेन, छिद्रांना. हॅमरची आणि त्याला अडवून धरणाऱ्या सिअरची पिन ज्या दोन छिद्रांतून जाते ती एकमेकांना समांतर आणि फ्रेमला काटकोनात हवीत. ती तिरकी असली तर सिअर हॅमरच्या दाताला एकाच कडेने टेकतो आणि ट्रिगर कधीच स्वच्छ सुटत नाही. कितीही महागडा सिअर घाला, फरक पडत नाही. .४५ च्या बुल्सआय स्पर्धेत ट्रिगर किमान साडेतीन पौंडांचा लागतो. त्या वजनावर तो सुरक्षित आणि एकसारखा ठेवायचा तर सगळा भरवसा या दोन छिद्रांवर. चोख पिना घालून बघितल्याशिवाय हा दोष डोळ्यांना दिसत नाही, आणि तरी बहुतेक गिऱ्हाइकं पॉलिशकडे बघतात.

दुसरी गोष्ट धातूच्या जाडीची. मुठीच्या पुढच्या बाजूला हात घसरू नये म्हणून बारीक चौकड्यांची नक्षी कापतात, इंचाला २०, २५ किंवा ३० रेषा. वीस रेषांची नक्षी सर्वांत खोल जाते. तिथली भिंत पातळ असेल तर कारागिराने नकार द्यावा, यातच शहाणपण. मागच्या बाजूला रुंद ग्रिप सेफ्टी बसवायची तर फ्रेमच्या शेपटाला ठराविक गोलाई द्यावी लागते. कुणी आधीच लहान गोलाईने ते जास्त घासलं असेल, तर .२५० इंचाच्या गोलाईची सेफ्टी तिथे नीट बसणार नाही. स्लाइडवर जुन्या बो-मार साइटसाठी खाच कापलेली असेल, तर पुढच्या साइटची निवडही त्या खाचेनेच ठरते. धातू काढता येतो, परत लावता येत नाही. वेल्डिंगने लावलाच तर उष्णतेने आजूबाजूचं पोलादही बदलतं.

म्हणून मला वाटतं, बांधणीच्या पायासाठी उत्तम पिस्तूल ते, ज्याच्यावर कुणी हात फिरवलेला नाही. साधं, मंद रंगाचं, छोट्या साइट्सचं. मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडताना त्याची भिंत आणि घडण बघतात, सालीचा रंग नव्हे; फ्रेम निवडणाऱ्याची नजरही तशीच हवी.

कोणता पाया घ्यायचा हे काळाप्रमाणे बदलत गेलं. १९७६ साली जेफ कूपर यांनी ॲरिझोनातल्या पॉल्डनजवळ पिस्तूल शिकवणारी संस्था काढली. त्याच साली मिझुरीतल्या कोलंबिया शहरात प्रात्यक्षिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. तेव्हापासून अचूकतेइतकाच वेगही महत्त्वाचा झाला. कॅलिफोर्नियातले आर्मंड स्वेन्सन दोन्ही हातांना चालणारी सेफ्टी बसवू लागले. आर्कन्सातल्या बेरीव्हिलमध्ये बिल विल्सन यांचं दुकान १९७७ साली सुरू झालं. या सगळ्यांच्या टेबलावर मुख्यतः कोल्टच येत असे. १९७० च्या सिरीज ७० मध्ये बोटांसारख्या पाकळ्यांचं बुशिंग होतं. त्याची पाकळी कधी कधी तुटे, म्हणून कारागीर ते काढून सलग बुशिंग घालत. १९८३ च्या सिरीज ८० मध्ये फायरिंग पिन अडवणारे जास्तीचे भाग आले. पिस्तूल हातातून पडलं तरी उडू नये हा त्यांचा हेतू रास्तच होता, पण ट्रिगरला ते भागही ढकलावे लागतात. कसलेला हात सिरीज ८० वरही सुंदर ट्रिगर बसवतो. तरी बहुतेकांचं मन सिरीज ७० कडे ओढलं जाई आणि जुन्या नगांना मागणी राहिली.

ही संधी साधून इलिनॉयची स्प्रिंगफील्ड आर्मरी पुढे आली. १९८५ पासून त्यांनी १९११ विकायला घेतलं. त्यांच्या फ्रेमा ब्राझीलच्या इम्बेल कारखान्यात घडवलेल्या, पोलाद चांगलं आणि पिनेला अडवणारी यंत्रणा नाही. किमतीत कोल्टपेक्षा स्वस्त, म्हणून पाया म्हणून ते पटकन रुजलं. चीनच्या नॉरिन्कोचं पिस्तूल दिसायला ओबडधोबड, पण पोलाद इतकं कडक की कापताना हत्यारं बोथट होतात अशी कारागिरांची तक्रार असे. ही तक्रार कौतुकाचीच. १९९४ मध्ये अमेरिकेने चिनी शस्त्रांची आयात थांबवली आणि ते दार बंद झालं. आज स्वस्त पायांमध्ये आर्मस्कोरचं नाव पुढे असतं. त्यांचा कारखाना मनिलाजवळच्या मरिकिनात आहे. ज्या देशातल्या लढाईतून .४५ ची मागणी उठली, तिथूनच आता ही पिस्तुलं अमेरिकेला जातात. त्यांच्या फ्रेमा ओतीव असतात. ओतकाम म्हटलं की काही जण लगेच तोंड फिरवतात, ते मला पटत नाही. रुगरनेही २०११ साली ओतीव फ्रेमचं १९११ बाजारात आणलं. बघायचं ते छिद्रांचं काटकोनात असणं आणि कडांचं माप. ओतीव की घडीव हा प्रश्न त्यानंतरचा.

स्वस्त पायाबद्दल मात्र सावध असावं. नामवंत कारागिराचं काम पायाच्या किमतीच्या कितीतरी पट जातं. पायावर वाचवलेले पैसे तिरकं छिद्र भरून नव्याने पाडण्यात गेले, तर वाचलं काय?

आणि एक पिस्तूल पाया म्हणून कधीच घेऊ नये: जुनं सैनिकी. पन्नास-साठच्या दशकांत अशी हजारो .४५ स्वस्तात मिळत, आणि कारागिरांनी त्यांच्यावर निर्धास्तपणे कानस चालवली. तेव्हा ती जुनाट माल होती. २०१८ साली अमेरिकेतली सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही संस्था सैन्याकडची उरलेली पिस्तुलं टपालाने अर्ज घेऊन आणि सोडतीने क्रम ठरवून विकू लागली. एकेका नगावर कुठल्या कारखान्याचा आणि कुठल्या तपासनिसाचा शिक्का आहे यावर लोक संध्याकाळी घालवतात. त्यांना कापणं मला सहन होत नाही. शिवाय व्यवहारातही ते चुकीचंच. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या स्लाइडना आजच्यासारखी उष्णप्रक्रिया दिलेली नसे, दुसऱ्या युद्धातल्या स्लाइड ठराविक जागीच कडक केलेल्या. रोज शेकडो गोळ्या झाडणाऱ्या स्पर्धकाच्या हातात त्या तडकू शकतात.

नव्वदच्या दशकात टेक्सासच्या एसटीआयने फ्रेमच दोन तुकड्यांत विभागली. वर कडा आणि छिद्रं असलेला क्रमांकाचा धातूचा भाग, खाली स्क्रूने बसणारी पॉलिमरची मूठ, जीत दुहेरी रांगेचं रुंद मॅगझिन मावतं. त्याला २०११ असं नाव पडलं, आणि कंपनी आता स्टॅकाटो या नावाने ओळखली जाते. तिथे मुठीची जाडी, नक्षी आणि आकार हे प्रश्न पाया निवडताना उरत नाहीत. मूठ आवडली नाही तर दुसरी आणा. छिद्रांची तपासणी मात्र तिथेही पिना घालूनच करावी लागते.