आठ तासांचा पगार

पहाटे ५
ढाक्याजवळचं आशुलिया. पत्र्याच्या खोल्यांच्या चाळीत चूल आणि मोरी सामाईक, त्यामुळे दोन्हीकडे रांग. शिलाई कारखान्यातली हेल्पर भात शिजवते, डबा भरते.

सकाळी ८
मशिनं सुरू होतात. ती कापलेले तुकडे जुळवून ऑपरेटरला देते, सुटे दोरे कापते. तासाचं टार्गेट फळ्यावर लिहिलेलं असतं. लघवीला उठायला नको म्हणून बऱ्याच जणी पाणीच कमी पितात.

सकाळी ९
याच सुमारास, २४ एप्रिल २०१३ रोजी, जवळच्या सावारमधली राणा प्लाझा ही इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली. तडे आदल्या दिवशीच दिसले होते. त्याच इमारतीतल्या बँकेने आपली माणसं घरी ठेवली. शिलाई कामगारांना पगार कापण्याची धमकी देऊन आत बोलावलं गेलं. महिनाअखेरीला हातात काही न उरणारा माणूस अशा धमकीपुढे काय करणार?

दुपारी १
जेवण, तासभर पाठ टेकणं.

संध्याकाळी ५
आठ तास भरले, तरी शिपमेंट जवळ आली की ओव्हरटाइम. डिसेंबर २०२३ मध्ये इथला किमान पगार महिना १२,५०० टका झाला. कामगार संघटनांनी २३,००० मागितले होते. या १२,५०० मध्ये मूळ वेतन ६,७०० आणि बाकी भत्ते. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, पण मूळ वेतनाच्या दुप्पट. महिन्याचे २०८ तास धरले तर साधा तास ६० टक्यांचा आणि 'दुप्पट' तास ६४ चा. तरी ती थांबते, कारण खोलीभाडं आणि गावी पाठवायचे पैसे आठ तासांत सुटत नाहीत.

रात्री ९
पुन्हा चुलीची रांग.

'काहीच नसण्यापेक्षा हे बरं', असं आपण म्हणतो. या नोकरीने लाखो बायकांच्या हाती स्वतःची कमाई आली, हे खरंच आहे. कारखाने बंद पडले तर सर्वांत आधी त्यांचंच नुकसान होईल. पण तेवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. आठ तासांत घर चालावं आणि भिंतीला तडा दिसला तर पगार न गमावता बाहेर थांबता यावं, इतकं तिला मिळालंच पाहिजे. त्यासाठी शर्टामागे चार पैसे जास्त पडणार असतील, तर ते ब्रँडने आणि आपण द्यायचे आहेत.